घरचं इंटरनेट बदलताना : मुलुंड पूर्व, एप्रिल ते ऑगस्ट २०२५

आधी घराची परिस्थिती. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. घरात आई-बाबा, आम्ही दोघं आणि नववीतली मुलगी. बायकोचं ऑफिस आठवड्यातले तीन दिवस घरूनच चालतं. सध्या गल्लीतल्या केबलवाल्याचं ५० एमबीपीएसचं फायबर आहे. त्याचे वर्षाचे पैसे एकदम भरलेले, मुदत ३१ मेला संपते. शिवाय तांब्याच्या तारेचा जुना लँडलाइन, जो बाबा सोडायला तयार नाहीत. कनेक्शन बदलायचं की आहे तेच पुढे ढकलायचं, हे मेअखेरपर्यंत ठरवायचंय. बिल्डिंगमधले निम्मे लोक याच विचारात आहेत आणि सेल्सवाल्यांनी प्रत्येकाला वेगळा आकडा सांगितलाय, म्हणून हे लिहून ठेवतोय.

६ एप्रिल, रविवार

रामनवमीची सुट्टी रविवारीच आली, तेव्हा कंपन्यांना फोन करण्याआधी घरात मोजमाप उरकलं. लॅपटॉप वायरने राउटरला जोडला तर ४८. हॉलमध्ये वायफायवर ४१. बायको बसते त्या आतल्या खोलीत ७. म्हणजे "नेट स्लो आहे" म्हणून वर्षभर केबलवाल्याला ज्या शिव्या घातल्या, त्यातल्या बऱ्याचशा आमच्या नऊ इंची भिंतीच्या वाट्याच्या होत्या. राउटर दारावर टांगलाय, कारण वायर तिथून आत येते. दुसरं काही कारण नाही.

राउटर २.४ गिगाहर्ट्झचा, सिंगल बँड, म्हणजे एकाच लहरीपट्ट्यावर चालणारा. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर (आसपासची वायफाय दाखवणारं अ‍ॅप) टाकून पाहिलं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची नेटवर्क एकमेकांच्या उरावर बसलेली, बहुतेक सगळी चॅनल ६ वर. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच : १, ६ आणि ११. आमचं ११ वर नेलं, आतल्या खोलीत ७ चे १३ झाले. खर्च शून्य. ज्याला प्लॅन वाढवायचाय त्याने आधी एवढं करून बघावं.

वापर किती होतो तेही पाहिलं. राउटरच्या पानावर मार्चचे ३९० जीबी दिसतात. त्यात ऑफिसचे कॉल, मुलीचे क्लास, बाबांच्या मालिका आणि आयपीएल सगळं आलं. कंपन्या 'अनलिमिटेड' म्हणतात त्याच्या तळटीपेत बहुतेक ठिकाणी महिन्याला ३३०० जीबी असतात. ही मर्यादा किती मोठी आहे याचा हिशोब केला. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस धरले तर दोन टीव्ही रात्रंदिवस महिनाभर चालू ठेवूनही ३२४० जीबी होतात. आम्हाला त्याची काळजी नाही. मात्र हवेतून येणाऱ्या, म्हणजे गच्चीवर डबा लावून मिळणाऱ्या कनेक्शनांना मर्यादा कमी असते आणि ती संपल्यावर स्पीड पार तळाला जातो. २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस. मर्यादा संपल्यावर तुमचा आकडा याच्या वर राहतो की खाली जातो, ते विचारून ठेवा.

१२ एप्रिल, शनिवार

फोनाफोनी. कंपन्यांची नावं लिहीत नाही. 'केबल' म्हणजे आत्ताचा, बाकी दोन 'मोठी-१' आणि 'मोठी-२'. तिघांनाही १०० एमबीपीएसचा भाव विचारला.

मोठी-१ : महिना ७९९. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४२.८२. जाहिरातीत ७९९ हा आकडा बोटाएवढा, आणि 'कर वेगळा' हे शब्द मुंगीएवढे. वर्षाला ११,३१३.८४.

मोठी-२ : महिना ६९९, करासहित ८२४.८२. सहा महिन्यांचे एकदम भरले तर १५ दिवस फुकट, बारा महिन्यांचे भरले तर ३० दिवस. तीन महिन्यांचं घेतलं तर फुकट काही नाही, वर जोडणीचे १००० अधिक कर. सहा किंवा बारा महिन्यांना जोडणी माफ.

केबल : वर्षाचे ६५००, "सगळं धरून, साहेब". बिल मिळेल का विचारल्यावर आवाज बदलला. बिल हवं असेल तर कर वेगळा, म्हणजे ७६७०. आत्तापर्यंत आम्ही ज्याला पावती समजत होतो तो वहीतला फाडलेला कागद निघाला. बायकोच्या ऑफिसात इंटरनेटचे पैसे बिल दाखवल्यावर मिळतात, ते त्यामुळे वर्षभर मिळालेले नाहीत. शिवाय ग्राहक क्रमांक आमच्या नावावर नाहीच. केबलवाला ज्यांचं नेट विकतो त्या मूळ कंपनीच्या कॉल सेंटरला नंबर दिला तर त्यांच्याकडे आमची नोंद सापडेना. बिलाशिवाय स्वस्त मिळतं त्याचा हा दुसरा भाव आहे : तक्रार करायची वेळ आली की तुम्ही कुणाचेच ग्राहक नसता.

आता ओटीटीवाले प्लॅन. मोठी-२ चा माणूस पुन्हा पुन्हा ९९९ च्या प्लॅनवर येत होता. "सर, त्यात सगळे अ‍ॅप्स फ्री आहेत." ६९९ आणि ९९९ मधला फरक ३००, करासहित ३५४, वर्षाचे ४२४८. ही त्या 'फ्री'ची किंमत. घरात कोण काय बघतं याची यादी केली. बाबांना मराठी मालिका आणि क्रिकेट, मुलीला यूट्यूब, आई मोबाइलवर कीर्तनं ऐकते. क्रिकेटचं अ‍ॅप माझ्या मोबाइल रिचार्जमध्ये आधीच येतं. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरण्यात अर्थ नाही, ९९९ बाद.

१९ एप्रिल, शनिवार

आज फोन बंद, जिना पाहणी. मला वाटतं हे काम सगळ्यात आधी करायला हवं, कारण कंपनीची वेबसाइट पिनकोडवरून 'तुमच्याकडे सेवा उपलब्ध' असं खुशाल सांगते. खरी उपलब्धता जिन्यातल्या डब्यात असते. प्रत्येक कंपनीचा फायबर बिल्डिंगमध्ये एका डब्यापर्यंत येतो, तिथे स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचे अनेक फाटे करणारा तुकडा असतो, आणि त्याला मोजकेच पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा. पोर्ट भरले की नवीन कनेक्शनला जागा नाही.

मोठी-१ चा डबा पहिल्या मजल्यावर, त्यांच्याच लाइनमनने उघडून दाखवला. फुल्ल. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्यांना मार्चमध्ये वर्षाचे पैसे भरलेत, आणि अजून 'फिजिबिलिटी चेक चालू आहे'. पैसे परत मागितले तर "सर, प्रोसेसमध्ये आहे". तेव्हा पहिला नियम लिहून ठेवतो : डब्यात रिकामा पोर्ट आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

मोठी-२ चा डबा तळमजल्यावर मीटरच्या खोलीशेजारी, त्यात जागा आहे. ही वायर रस्त्याखालून येते. केबलची आणि मोठी-१ ची मात्र शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून, मधल्या गुलमोहराच्या फांद्यांतून. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं, मान वर करून बघावं लागतं.

संध्याकाळी सेक्रेटरी काकांना भेटलो. बाहेरच्या भिंतीला गेल्या दिवाळीत रंग लावलाय, तेव्हा बाहेरून वायर सोडायची नाही आणि भिंतीला भोक पाडायचं नाही, असा ठराव आहे. वायर जिन्यातून, झाकायच्या पट्टीत घालून न्यायची. अर्ज लिहून दिला, त्यांनी सही करून प्रत दिली. ही प्रत जोडणीच्या दिवशी हातात ठेवा. वायरमन मुलांना सगळ्यात सोपी वाट खिडकीतून दिसते.

३ मे, शनिवार

पावसाळ्याआधीची झाडछाटणी आज आमच्या गल्लीत होती. गुलमोहराच्या फांदीबरोबर गच्चीवरून आलेल्या वायरींचा गुंताही खाली. केबलही गेला आणि मोठी-१ ही गेली.

फुकटात परीक्षा झाली. केबलचा पोरगा संध्याकाळी स्प्लाइसिंगचं, म्हणजे तुटलेला फायबर जोडायचं मशीन घेऊन आला, अंधारात मोबाइलच्या उजेडात जॉइंट मारला, रात्री जेवायच्या आत नेट चालू. मोठी-१ च्या ग्राहकांना दुपारीच 'आपली तक्रार निवारण झाली आहे' असा मेसेज आला, आणि नेट बंदच. समोरच्या वहिनींनी तो मेसेज मला दाखवला तेव्हा त्या हसत होत्या, पण त्यांच्या मुलाची ऑनलाइन परीक्षा होती.

तेव्हा केबलवाल्याच्या बाजूने हे नोंदवतो : बिल देत नाही, पण येतो. मुंबईत 'येतो' याला किंमत आहे. त्याच्याशी चार वाक्यं बोललो तर म्हणाला, "मोठ्या कंपनीचा माणूस पण मीच आहे साहेब, त्यांचं काम पण आमच्याचकडे आहे." ते खरं असावं. आमच्या भागात शेवटच्या शंभर मीटरची वायर बहुतेक स्थानिक पोरंच ओढतात, टी-शर्टवरचं नाव तेवढं बदलतं.

११ मे, रविवार

मोठी-२ च्या सेल्सवाल्याला प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवले. फोनवर तो सगळ्याला "नो हिडन चार्जेस, सर" म्हणतो, लिहून विचारलं की उत्तरं बारीक होत जातात. विचारलेलं आणि आलेलं :

राउटर कुणाचा? कंपनीचा. सोडताना परत द्यायचा, नाही दिला किंवा बिघडवून दिला तर पैसे. किती? "ते अ‍ॅपमध्ये दिसेल." अ‍ॅपमध्ये शोधून त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवला.

वायर किती मीटरपर्यंत फुकट? आधी "अनलिमिटेड". "मीटरच्या खोलीपासून तिसरा मजला, जिन्यातून" असं सांगितल्यावर, "बेसिक वायरिंग फ्री आहे सर, पट्टी कस्टमरची."

महिना किती दिवसांचा? ३०. म्हणजे बारा महिने ३६० दिवसांचे.

मधेच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे? दोन निळ्या खुणा, उत्तर नाही. पुन्हा विचारलं तर "सर, कोणी सोडतच नाही."

या शेवटच्या उत्तरावरून निर्णय झाला. वर्षाचं घ्यायचं नाही. तीन महिन्यांचं घ्यायचं, जोडणीचे ११८० भरायचे, आणि या वायरला एक पावसाळा बघू द्यायचा. बायको म्हणाली, ११८० वाया. माझं म्हणणं, वायर जूनमध्ये बंद पडली तर सहा महिन्यांचे जवळजवळ पाच हजार अडकतील, त्यापेक्षा ११८० परवडले. मुंबईत उन्हाळ्यात कुठलंही कनेक्शन चांगलंच चालतं.

आणखी एक हिशोब, जो कुणीच सांगत नाही. मोठी-२ चा सहा महिन्यांचा प्लॅन : ४९४८.९२ मध्ये १९५ दिवस. बारा महिन्यांचा : ९८९७.८४ मध्ये ३९० दिवस. दोन्हीत रोजचे २५.३८ रुपये. वर्षाचं घेऊन एक पैसाही वाचत नाही, पैसे तेवढे दुप्पट काळ त्यांच्याकडे राहतात. 'बेस्ट व्हॅल्यू'चा शिक्का मात्र वर्षाच्या प्लॅनवरच असतो.

१८ मे, रविवार

जोडणी. सकाळची वेळ दिलेली, मुलं तीननंतर आली. दोघं, एकाच्या खांद्यावर वायरीचं भेंडोळं. आल्या आल्या पहिला प्रश्न, "खिडकीतून टाकू?" सोसायटीचा कागद दाखवला. मग जिन्यातून. पट्टी मी आधीच हार्डवेअरच्या दुकानातून आणून ठेवली होती, त्यांच्याकडे मागितली असती तर तिचा भाव वेगळाच असता.

राउटर दारावरच बसवायचा त्यांचा आग्रह, कारण वायर तिथपर्यंतच कापून आणलेली. हॉलच्या मधल्या भिंतीवर हवा म्हटल्यावर कुरकुर झाली, पण नेला. नेताना दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात फायबर काटकोनात दाबून खिळा ठोकला. लाल दिवा (सिग्नल तुटल्याची खूण) नव्हता, नेट चालू होतं, स्पीडही आला. तरी वायरीतून येणारा प्रकाश मोजणारं पॉवर मीटर लावायला सांगितलं : उणे २६.५ डीबीएम (उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). खाली डब्यात मोजली होती ती उणे २०. उणे २७ च्या पुढे गेलं की या मशीनला प्रकाश ओळखता येत नाही, म्हणजे आम्ही काठावर उभे होतो. कोपऱ्यातला खिळा काढून वायर गोल वळवली, उणे २१. हे त्या दिवशी केलं नसतं तर पहिल्या पावसात लाल दिवा आणि कॉल सेंटरचं गाणं. तुमच्याकडे जोडणी होताना फक्त स्पीड टेस्टवर समाधान मानू नका, लाइट पॉवर किती आली ते विचारा. त्या मुलांना हा प्रश्न बरोबर कळतो.

चहापाण्याचे २०० दिले. पावती अर्थातच नाही.

पैसे भरताना अ‍ॅपमध्ये ऑटोपेची खूण आधीच केलेली होती, यूपीआयवर मंजुरीची कमाल रक्कम ५०००. काढून टाकली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कापण्याआधी २४ तास सूचना यायला हवी आणि १५,००० पर्यंत ओटीपी लागत नाही. म्हणजे सूचनेचा मेसेज जाहिरातींच्या ढिगाऱ्यात गेला की पैसेही गेले.

केबल ३१ पर्यंत चालू ठेवतोय. दोन्ही शेजारी शेजारी बघायचे आहेत.

२२ मे, गुरुवार

आतल्या खोलीचा प्रश्न उरला होताच. नव्या राउटरला ५ गिगाहर्ट्झ आहे, हॉलमध्ये ९५ च्या वर मिळतात, पण तो बँड विटांच्या भिंतीपुढे लवकर मान टाकतो. आतल्या खोलीत २२. कॉल सेंटरने उपाय सुचवला : ३०० चा प्लॅन घ्या, नाहीतर मेश, म्हणजे घरभर एकमेकांशी जोडलेले जादा वायफाय डबे, महिन्याला भाडं. ३०० घेतला असता तर हॉलमध्ये ३०० आले असते आणि आतल्या खोलीत २५.

त्याऐवजी इलेक्ट्रिशियनकडून हॉल ते आतली खोली अशी एक लॅन वायर टाकून घेतली. वायर ५००, मजुरी ४००. टोकाला आमचा जुना सिंगल बँड राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसता वायफाय पसरवणारा डबा म्हणून लावला : त्यातलं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद, आयपी (त्याचा स्वतःचा पत्ता) बदलला, वायर त्याच्या लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टात. पहिल्यांदा वायर वॅन (बाहेरचं नेट आत घ्यायच्या) पोर्टात लावल्याने घरात दोन वेगळी नेटवर्क झाली आणि प्रिंटर सापडेना, तेवढा एक तास गेला. आता तिथे वायफायवर ४० च्या आसपास मिळतात, आणि बायकोच्या लॅपटॉपला थेट वायर लावली तर ९४. जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे आहेत, त्यातून ९४ च्या वर येत नाहीच. १०० च्या प्लॅनला ते पुरेसं आहे. पण कुणी २०० चा प्लॅन घेऊन असा पोर्ट वापरत असेल तर अर्धे पैसे पाण्यात.

२६ मे, सोमवार

मान्सून आला. मुंबईत नेहमीची तारीख ११ जून, यंदा सोळा दिवस आधी. हवामान खात्याच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. सकाळपासून धो धो.

केबल दुपारी गेला, गच्चीवरच्या जॉइंटच्या डब्यात पाणी. लँडलाइनवर खरखर, पलीकडची आत्या गंगेत उभी राहून बोलल्यासारखी. मोठी-२ दिवसभर टिकली. पण संध्याकाळी वीज गेली आणि सगळंच बसलं. मीटरच्या खोलीतला डबा नुसता स्प्लिटर आहे, त्याला वीज लागत नाही. म्हणजे आमच्या राउटरला वीज मिळाली असती तर नेट चालू राहिलं असतं. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मागवला, १४०० रुपये. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचा अ‍ॅम्पिअरचा आकडा आणि पिनचा आकार जुळतो का बघा.

विजेचा विषय निघालाच आहे तर : राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट मिळून १५ वॉट धरले, चोवीस तास चालू, तर महिन्याला ११ युनिटच्या आत-बाहेर. दहा रुपये युनिट धरलं तरी वर्षाचे तेराशे. हेही इंटरनेटचंच बिल आहे, फक्त वेगळ्या पाकिटातून येतं.

१ जून, रविवार

केबलची मुदत संपली. केबलवाल्याला सांगितलं, पुढे नको. वाईट वाटून घेतलं नाही त्याने, पण ओएनयूचा, म्हणजे फायबर घरात जिथे जोडला जातो तो डबा परत मागितला. त्याचे १८०० आम्ही पहिल्या वर्षी दिले होते. पावती? तोच वहीचा फाडलेला कागद, त्यावर नुसतं 'मशीन'. अर्धा तास जिन्यात गोड भाषेत वाद. शेवटी डबा त्याने नेला आणि ६०० परत दिले. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स त्याच्याकडेच ठेवलाय, त्यामुळे संबंध बिघडवायचे नव्हते, आणि उद्या मोठी-२ ची वायर तुटली तर जोडायला बहुधा तोच येणार आहे.

१५ जून, रविवार

अ‍ॅप सहज उघडलं तर 'आपला ओटीटी पॅक ३० दिवस मोफत' चालू दिसला. आम्ही मागितलेला नाही. खाली, बोट पुष्कळ सरकवल्यावर, 'त्यानंतर महिना १०० अधिक कर'. बंद करायचं बटण अ‍ॅपमध्ये नाही, कॉल सेंटरला सांगावं लागतं. सांगितलं, तक्रार क्रमांक घेतला. ऑटोपे काढलेलं असल्याने पैसे गेले नसतेच, पण पुढच्या रिचार्जला हे शंभर चिकटून आले असते. नवं कनेक्शन घेतल्यावर तीन-चार आठवड्यांत एकदा अ‍ॅपमधलं 'माझ्या सेवा' हे पान तळापर्यंत बघा.

२२ जून, रविवार

बाबांचा लँडलाइन. मोठी-२ प्लॅनबरोबर फोनची सोय फुकट देते, राउटरच्या मागे पोर्ट आहे, पण नंबर नवा. मोबाइलसारखा जुना नंबर घेऊन दुसरीकडे जाण्याची सोय लँडलाइनला आपल्याकडे नाही. बाबांचा नंबर १९८० च्या दशकापासूनचा, मुंबईचे आकडे वाढत गेले तसतसा पुढे आकडे जोडून घेत आलेला. बँक, एलआयसी, गॅस, पेन्शन आणि कोकणातले सगळे नातेवाईक त्याच नंबरवर.

"अहो बाबा, त्यावर आता फक्त कर्ज घ्या म्हणून फोन येतात," असं म्हटल्यावर त्यांनी मागच्या आठवड्यातल्या फोनांची यादी तोंडपाठ सांगितली. त्यात आत्या होत्या, दोन मित्र होते, आणि हो, एक कर्जवाली.

तडजोड : लँडलाइन डिसेंबरपर्यंत चालू. तोवर बँक, एलआयसी, गॅस आणि पेन्शनमध्ये मोबाइल नंबर टाकायचा, यादी फ्रिजवर लावली आहे. आईने फायबरचा फोन एकदा वापरून पाहिला आणि विचारलं, मोबाइलला लावताना आधी शून्य लावायचा का? हो, लँडलाइनवरून मोबाइलला शून्य जानेवारी २०२१ पासून लागतोच, तार कुठलीही असो. दोन महिने फुकटच्या फोनशेजारी लँडलाइनचं बिल दिसलं की बाबा स्वतःच बंद करतील असं बायकोचं मत. मला तसं वाटत नाही.

८ जुलै, मंगळवार

मोठी-२ ची पहिली मोठी गोची. रस्ता खणताना नाक्यावर फायबर तुटला, सकाळी लाल दिवा. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. दुपारी मेसेज : 'तक्रार निवारण झाली.' नेट बंद. म्हणजे हा रोग सगळ्याच मोठ्यांना आहे.

इथे काय उपयोगी पडलं ते. बंद केलेली तक्रार उघडायला लावली, नवीन नोंदवू दिली नाही. नवीन क्रमांक दिला की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. लाल दिव्याचा फोटो वेळेसकट ठेवला. अ‍ॅपमध्ये 'अपील' शोधलं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकारी ठेवावाच लागतो, अपिलाला पैसे नाहीत, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही, त्यांना लिहिण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आमची वेळ तिथपर्यंत आली नाही. अपिलाचा क्रमांक मिळाला त्या संध्याकाळी सुपरवायझरचा फोन, दुसऱ्या दिवशी नाक्यावर जॉइंट. मारायला कोण आलं होतं? आमचाच केबलवाला.

बंद राहिलेल्या दिवसांची मुदत वाढवून मागितली. आधी नाही म्हणाले. अपील मागे घ्यायला फोन आला तेव्हा पुन्हा मागितली, तेव्हा दोन दिवस वाढवले.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज दहीहंडी, नाक्यावरच्या दोरीने कुणाची तरी वायर नक्की ओढली जाणार. आपली खालून आहे.

मूळ मुदत काल संपत होती, वाढवून मिळालेले दोन दिवस धरून उद्या संपते. रिचार्ज आजच केला. आधी विचारून घेतलं की लवकर भरलं तर उरलेले दिवस पुढे जोडले जातात का. जातात.

तीन महिन्यांचा खर्च : प्लॅन २४७४.४६, जोडणी ११८०, चहापाणी २००, लॅन वायर आणि मजुरी ९००, यूपीएस १४००. मिळून ६१५४ च्या थोडं वर, शिवाय जिन्यातली पट्टी, जिचं बिल हरवलं. केबलवाल्याकडून ६०० परत आले. जाहिरातीतल्या ६९९ च्या हिशोबाने हे २०९७ व्हायला हवे होते. वायर आणि यूपीएस पुढच्या कुठल्याही कंपनीला चालतील. बायकोच्या ऑफिसने बिलाचे पैसे दिले ते वेगळे, आणि तेवढ्याने बिलाशिवायच्या केबलपेक्षा हे स्वस्तच पडतंय.

पाऊस बघून झालाय, म्हणून आता सहा महिन्यांचं घेतलं : ४९४८.९२. अ‍ॅपने वर्षाचा प्लॅन आधी निवडून ठेवला होता, तो बदलला. ऑटोपेची खूण पुन्हा आलेली, ती काढली. मोठी-१ कडून दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचे पैसे अजून आलेले नाहीत, उद्या त्यांच्या अपिलाचा अर्ज भरायला बसतोय. आमची मुदत फेब्रुवारीअखेर संपते, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, फ्रिजवरच्या यादीशेजारी. त्या यादीतलं एलआयसी झालं, बँक झाली. गॅस बाकी.